भातावरची गोधडी

लोणावळा,
श्रावण महिना

आक्का,

साष्टांग नमस्कार लिहून सुरुवात करणार होते, पण तुम्ही म्हणाला असतात, "ऱ्हाऊ दे गं, कामाचं बोल." म्हणून कामाचंच लिहिते. तुमची गोधडी मी भातावरून काढली आहे. तुम्हाला न विचारता काढली, तेव्हा कळवायला हवं.

आज भात उघडाच राहिला. वर कच्चा, खाली लागलेला. तुमच्या धाकट्या दिरांनी मुकाट्याने खाल्ला आणि स्टेशनवर ड्यूटीला गेले. तुम्ही असतात तर आधी भांड्याला हात लावून बघितलं असतंत, मग माझ्याकडे बघितलं असतंत. "धाकटे, भात उघडा पडलाय न्हवं!" इतकी वर्षं तुम्ही मला धाकटे म्हणालात, आणि मी 'ओ' दिली नाही. नुसतं काय ते काम करून टाकायची.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. उर्शाहून तुमच्या भावाचं पत्र आलं की तळेगावच्या शाळेत चार बुकं शिकलेली तुमची जाऊच ते वाचून दाखवायची. तुम्ही मधेच अडवायचात, "जरा दमानं वाच की, इंजिन सुटलंय का?" तिकडे कुणी वाचून दाखवणारी भेटली असेल तर बरंच. नसेल तर राहू द्या. मला लिहायचं आहे एवढंच.

आणखी एक सांगून टाकते. मला रडू आलं नाही. तुम्हाला नेलं तेव्हाही नाही, तेराव्याला पान वाढलं तेव्हाही नाही. आळीतल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एका चुलीवर दोघी जावांनी उभा जन्म काढला, आणि ही अशी दगडासारखी! "रड गं, मोकळी हो," म्हणत होत्या. मी पदर डोळ्यांना लावला आणि कोरडाच खाली आणला.

वाईट वाटत नव्हतं असं नाही हो. काहीच वाटत नव्हतं. पावसाळ्यात गार पाण्यात भांडी घासून बोटं बधिर होतात, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. अजूनही आहे.

तुम्ही गेलात त्या दुपारी काय विचारलंत, आठवतं? छातीत कफ घरघरत होता, बोलताना दम लागत होता, आणि तुम्हाला काळजी कशाची? "धाकटे, भात निजवला का?" मी म्हटलं, "हो." तुम्ही डोळे मिटलेत. दुसरं काही विचारायला सुचलं नाही तुम्हाला? आणि मला तरी दुसरं काही सांगायला कुठे सुचलं!

मी नवी नवरी होऊन या घरात आले, तेव्हा हा 'भात निजवला' शब्द पहिल्यांदा ऐकला आणि पदरात हसले. आमच्या तळेगावला भात शिजायचा, निजायचा नाही. तुम्ही भाताला एक चांगला कढ आला की भांडं उतरवायचात, पेंढा भरलेल्या टोपलीत बसवायचात, वर झाकण, झाकणावर जुनं पोतं, चारी बाजूंनी खोचलेलं. तिकडे चुलीवर भाकऱ्या होईपर्यंत भात आपला आपण आतल्या आत शिजून तयार. जळण नाही, लक्ष नाही, लागण्याची भीती नाही. तेव्हा पोतंच होतं. गोधडी नंतर आली. तिचं पुढे सांगते.

तुमच्याइतकी जळणाला जपणारी बाई मी दुसरी बघितली नाही. चूल पेटली की तुमची नुसती धांदल! चुलीवर तवा, शेजारच्या वैलाच्या तोंडावर आमटी, आमटी उतरली की लगेच अंघोळीच्या पाण्याचं तपेलं. जाळ जरा बाहेर डोकावला की तुम्ही लाकूड मागे ओढलंच. "जाळ भांड्याला द्यायचा, भिताडाला न्हाई." डाळ सकाळपासून भिजत पडलेली, ओली फाटी चुलीवरच्या फळीवर वाळत पडलेली, आणि काडेपेटी तर तुमच्या कनवटीलाच! दिवा लावायचा तर निखाऱ्यावर कागदाची सुरळी धरायची. कुणी काडी ओढली की तुमचा जीव वरखाली व्हायचा.

मोठे भावजी घाटातल्या इंजिनावर आगवाले. त्यांनी हयातभर फावड्याने कोळसा लोटला, आणि ते गेल्यावर तुम्ही इंजिनांच्या राखेच्या ढिगावर टोपली घेऊन बसू लागलात. त्या राखेत अर्धे जळलेले कोळसे निघत. मोठे तुकडे शेगडीला, आणि चुरा शेणात कालवून त्याचे गोळे. उन्हाळाभर अंगणात ते लाडवांसारखे मांडलेले असायचे. तुमचे हात कोपरापर्यंत काळे. मी मनातल्या मनात तुम्हाला कोळसेबाई म्हणायची. एकदा ह्यांच्यासमोर तोंडातून निघून गेलं, तर हे हसले आणि मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग घाटात विजेची इंजिनं आली. माणसं स्टेशनवर बघायला धावली, कुणी हार घेऊन, कुणी पोरांना खांद्यावर घेऊन. तुम्ही रिकामी टोपली घेऊन परत आलात आणि ओट्यावर बसकण मारलीत. "बिनराखंची गाडी! असली कसली गाडी?" सगळी आळी खो खो हसली. तुम्ही नाही हसलात. आता ही लढाई सुरू झाल्यापासून कुणीच हसत नाही. घासलेटाला रांग, वखारीत कोळशाच्या नावाने हात झाडणं, आणि जंगलातलं लाकूड आणावं तर ते पावसाने सुजलेलं, नुसता धूर!

इतकं सगळं लिहिलं, पण खरं जे आहे तिथे हात जात नाही. जाऊ दे. लिहूनच टाकते. आपण दोघी ते कधी बोललो नाही.

माझं पहिलं बाळ. कुसुमच्या आधीचं. मुलगा होता. असेच पावसाचे दिवस होते. भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधल्या तरी आतून ओल सुटायची, दोरीवरची लुगडी वाळायचं नाव घेत नव्हती. बाळ अशक्त जन्मलं. अंग पायापासून गार. सुईणीने खोली बंद केली. खिडकी लावली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली. बाळंतिणीला वारा लागता कामा नये! तुम्ही विधवा, म्हणून ती तुम्हाला उंबऱ्याबाहेरच थांबवायची. तुम्ही बाहेरूनच विचारायचात, "रडलं का गं? प्यालं का?"

मला ताप होता. डोकं असं जड की मान उचलत नव्हती. बाळ माझ्या कुशीत होतं, रडतही नव्हतं. आणि तुम्ही आलात. उंबरा ओलांडून सरळ आत. बाजेखाली वाकलात, पेटती शेगडी पदराने धरून उचललीत आणि घेऊन चालू लागलात. दार सताड उघडं टाकून! मी म्हटलं, "आक्का, शेगडी..." तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.

पुढचं मला धड आठवत नाही. कधी जाग, कधी झापड. मधे मधे बाळाच्या पाठीशी काहीतरी ऊबदार आहे असं वाटायचं, पण तापात माणसाला काय वाटेल ते वाटतं. मग बाळ गेलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं? त्या पावसात ढिगावरची राख भिजून चिखल झाली होती. तुम्ही रोज कोळशाच्या टोपलीत हात घालून तळ चाचपत होता. बाईने कोळशापायी शेगडी नेली, असं मी समजले. कुणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही.

त्या बाळासाठी मी एक गोधडी शिवली होती. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची, वर माझ्या परकराचे निळे चौकोन. शिवणात माझा हात कधीच बसला नाही. एका कोपऱ्यावर टाका वाकडा गेला तो गेलाच. गेलेल्या बाळाचं कापड कुणी घरात ठेवत नाही. ते त्याच्याबरोबरच गेलं असणार, असं मी धरून चालले होते. बाळंतपणातून उठले, स्वयंपाकघरात आले, आणि भाताच्या टोपलीवर माझा तो वाकडा कोपरा!

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चुलीकडे बघत होता. मग तुम्ही गोधडी काढलीत, घडी घालून बाजूला ठेवलीत, ताट वाढलंत. आणि मी तो भात खाल्ला, आक्का. वाफाळता भात होता, मोकळा, लुसलुशीत. मला त्याची चवच लागली नाही.

त्यानंतर रोज तोच भात. रोज तीच गोधडी. आपण दोघी बोलायचो ते मीठ, पाणी, सरपण, भाकरी एवढंच. भांडणसुद्धा कधी झालं नाही. लोक म्हणायचे, जावा असाव्यात तर अशा! कुसुमच्या वेळी मी तळेगावला माहेरी गेले. तुम्ही कारण विचारलं नाहीत, डिंकाचे लाडू बांधून दिलेत. कुसुम मात्र तुमच्याच मांडीवर वाढली. तुम्हाला 'मोठी आई' म्हणायची. मी अडवलं नाही, आणि कौतुकही केलं नाही.

तीच आपली कुसुम आता बाळंतपणाला आली आहे. तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा. तिच्यासाठीच उन्हाळ्यात तुम्ही शेण-कोळशाचे गोळे वळून माळ्यावर भरून ठेवले होते. चुरा कुठून मिळवलात ते देवाला ठाऊक! "पोरीला भर पावसात ऊब लागंल," म्हणून माळ्याकडे बोट दाखवायचात. पण तिच्यासाठी थांबला मात्र नाहीत. दिवस भरायच्या आधीच ती बाळंतीण झाली, आणि तेव्हा तुमचं तेरावं होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मुलगी आहे. एवढीशी. माझ्या ओंजळीत मावते, आणि अंगाने गार.

मी काय करायचं ते केलं. हात आपोआप चालत होते. खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या, माळ्यावरचे तुमचे गोळे काढून शेगडी पेटवली आणि बाजेखाली सरकवली. मनात आलं, ह्या वेळी कुणी शेगडी काढून नेणार नाही. दार लावून घेतलं.

दुपारी कुसुम म्हणाली, "आई, डोकं जड झालंय गं." मी म्हटलं, बाळंतपणाचा शीण आहे, पडून राहा. पोरगी रडत नव्हती. मला वाटलं, शहाणी आहे, निजली आहे. काय म्हणायचं आक्का या बधिरपणाला? जे मी स्वतः अंगावर काढलं होतं तेच डोळ्यांसमोर होतं, आणि मला ओळखू येऊ नये!

तेवढ्यात आपली मेहरूनबी आली, कोपऱ्यावरच्या पावभट्टीची. तुम्ही गेल्यापासून ती रोज येते. घरात चूल बंद होती तेव्हाही पाव आणि चहा तिच्याच घरून यायचा. तिने दार ढकललं, नाकाला पदर लावला आणि किंचाळलीच. "या अल्ला! वहिनी, हे काय करून ठेवलंय? आधी शेगडी भाईर काढा!" मी जागची हलले नाही. तीच आत शिरली, बाजेखाली वाकली, शेगडी पदराने धरली आणि बाहेर नेली. दार सताड उघडं टाकून.

मी तिथेच उभी होते. पदराने धरलेली शेगडी उंबऱ्याबाहेर जाताना मी दुसऱ्यांदा बघत होते.

मेहरूनबीने कुसुमला आधार देऊन दाराशी आणलं, पोरीला उचलून वाऱ्याला धरलं, तिचे पाय चोळले. पोरगी शिंकली आणि रडायला लागली. मग मेहरूनबी माझ्यावर उखडली. "बंद खोलीत कोळसा ठेवतात का कुणी? त्याची वाफ डोक्यात चढते, माणूस झोपल्या जागी जातो. आम्हा भट्टीवाल्यांना हे पहिलं शिकवतात. आणि तुमच्या घरात तर हे एकदा होऊन गेलंय! आक्कांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?" मी म्हटलं.

 मेहरूनबी उंबऱ्यावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि सांगायला लागली. "मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा. आक्का भर पावसात भट्टीवर आल्या, डोक्यावर इरलं नाही, काही नाही. माझ्या सासूला म्हणाल्या, 'जावंला गुंगी आलीया, बाळ निळं पडलंय. म्या शेगडी काढली तर सुईण माझ्या नावानं शंख करतीया. पर पोराला ऊब तर पायजे. काय करू गं बया?' सासू म्हणाली, विटा घेऊन जा. भट्टीतून तापलेल्या विटा काढल्या, गोणपाटात गुंडाळल्या, आक्कांनी पदराखाली घेतल्या. गार झाल्या की परत हजर. दिवसभर त्यांचे हेलपाटे चालू होते. बाळ होतं तोवर रोज. वहिनी, त्यांच्या हातांना फोड आले होते."

आक्का, तुमच्या मनगटांवरचे ते डाग! इतकी वर्षं मी ते चुलीचे समजत होते. बाळाच्या पाठीशी ती ऊब होती, तो भास नव्हता?

मी मेहरूनबीवरच खेकसले, जणू तिचाच गुन्हा. "मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

ती म्हणाली, "मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाल्या, 'काय सांगू? सांगाया बाळ तर ऱ्हायला पायजे हुतं.'"

हे काय कारण झालं, आक्का? हे काय बोलणं झालं? एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती? मी तुमच्या हातचा भात खात होते आणि मनात तुमच्या नावाने बोटं मोडत होते, आणि तुम्हाला ते कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तुम्हाला सगळं कळत होतं. तरी मूग गिळून बसलात! जळण वाचवलंत ते ठीक. शब्दसुद्धा वाचवायचे? चांगलं कडाक्याचं भांडला असता, मला दोन थोबाडीत दिल्या असत्या, तरी चाललं असतं मला.

हे सगळं आता लिहिते आहे. तेव्हा मनात काहीच उमटलं नाही. राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. मी फक्त मेहरूनबीला विचारलं, "आज भट्टी पेटली आहे का?" ती म्हणाली, "पेटली आहे. विटा घालून ठेवते. चला."

आपण कुणाच्या दारी विस्तव मागायला जायचं नाही, असा आपल्या घराचा तोरा. मी गेले. भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले आणि म्हटलं, "विटा द्या." मेहरूनबीच्या मुलाने लांब दांड्याच्या फावड्याने विटा ओढून काढल्या. गोणपाटात गुंडाळून मी त्या पदराखाली घेतल्या आणि चालत आले. वाटेत टांगेवाल्याची बायको भेटली. पदराखाली काय आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं. तर संध्याकाळी तिने घोड्याच्या अंगावरचं जुनं घोंगडं धुऊन, चुलीवर शेकवून आणून दिलं. पलीकडच्या आबांनी भाताच्या गिरणीतून तुसाचं पोतं आणलं. म्हणाले, "मडक्यात ठासून भरा आन् वरून निखारा ठिवा. सकाळपतुर धुमसत ऱ्हातं. पर भाईर, पडवीत." सगळ्यांना सगळं ठाऊक! मागितलं की देतात, हे मला या वयात कळलं.

पण विटा लवकर गार होतात हो. घोंगडं टोचरं, ते पोरीच्या अंगाला लावता येईना. ऊब धरून ठेवील असं मऊ काहीतरी हवं होतं. कुसुम पडल्या पडल्या म्हणाली, "आई, ती भातावरची गोधडी आण की. तिच्याइतकी ऊब दुसरी कशाला नाही."

 कुसुमला काय ठाऊक ती कुणाची आहे ते! तिच्या दृष्टीने ती भाताचीच. मी स्वयंपाकघरात गेले. भात नुकताच निजवला होता. गोधडी काढली तेव्हा ती गरम होती, खालून वाफेने जराशी ओलसर. तशीच चुलीपाशी धरून सुकवली. निळे चौकोन विटून पांढरे पडलेत. वाकडा टाका मात्र जसाच्या तसा आहे. बाकी शिवण कितीदा तरी उसवून तुम्ही पुन्हा घातली आहे, पण तो कोपरा तुम्ही सरळ केला नाहीत.

पोरीला तिच्यात गुंडाळली. बाहेरून विटा लावल्या. तिच्या अंगाला आंबेमोहराचा वास यायला लागला. कुसुम हसली, "भातच दिसतोय गं हा!" दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोरीच्या तळव्यांना रंग आला. दिवे लागायच्या वेळी ती ओढून प्यायली.

पोरगी पीत असताना कुसुम म्हणाली, "लहानपणी मोठी आई मला या गोधडीला हात लावू द्यायची नाही. एकदा मी बाहुलीला पांघरली तर किती रागावली! आणि भात निजवला की तिला थोपटायची. तू बघितलं नाहीस कधी?"

मी म्हटलं, "नाही."

"तुला कसं दिसणार? तुझ्याकडे पाठ करूनच बसायची. रोज थोपटायची, हळू, असं. मी विचारायची, मोठे आई, भाताला कशाला गं थोपटतेस? तर म्हणायची, 'थोपटलं म्हंजी लवकर निजतो.'"

एवढं सांगून कुसुम पोरीकडे बघायला लागली. मी उठून गार झालेल्या विटा उचलल्या आणि भट्टीवर गेले.

आक्का, मला अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, मी वाट बघत बसणार नाही. सध्या मला एवढंच कळतं की विटा धरून माझे हात पोळतात, आणि पोळतात हे जाणवतं. मनगटावर एक फोडही आला आहे. मेहरूनबी लोणी लावायला सांगते. मी काही लावलेलं नाही.

तर गोधडी सध्या पोरीकडे आहे. भात काही दिवस कच्चा राहील, लागेल, तुमचे दीर मुकाट्याने खातील. तुम्ही काळजी करू नका. पोरगी बाळसं धरू दे, तिचे पाय गोधडीबाहेर येऊ देत. मग मी ती पुन्हा भातावर घालीन. वाकडा टाका तसाच ठेवीन. एक दिवससुद्धा ती गार पडू देणार नाही, हा माझा शब्द. आणि भाताला रोज थोपटीन. कुणाकडे पाठ करून नाही. सगळ्यांच्या देखत.

तुमचीच,
धाकटी